काळी माती पाणी धरते, सोडत नाही

उन्हाळा तोंडावर आला की गावच्या ग्रुपवर ठरलेला मेसेज फिरतो : काळ्या मातीखाली पाणी असतंच, दगड जाळीदार लागला की साठा सापडला, आणि नाहीच लागलं तर अजून खोल जा, जितकं खोल तितकं पाणी. तिन्हींत घोळ एकच. पाणी मावणं आणि पाणी वाहणं, दोन्ही एकच धरलंय.

काळी माती पाणी धरते, हे खरंच. चिकणमातीत निम्मी पोकळी असू शकते. वाळूत साधारण २५ ते ४० टक्के. आता दोन बाटल्यांच्या तळाला भोकं पाडून फडकं लावा. एकीत नदीची वाळू भरा, दुसरीत भिजवून दाबलेली काळी माती, आणि वर पेलाभर पाणी ओता. चहाला उकळी फुटेपर्यंत वाळूतलं पाणी खाली आलेलं असतं. मातीवरचं दुसऱ्या दिवशी सकाळीही तसंच तळं करून बसलेलं. पोकळी भरपूर, पण एकेक वाट इतकी बारीक की पाणी कणांनाच चिकटून राहतं. फ्रान्समधल्या दिजाँ शहरात आँरी दार्सीने वाळूच्या नळातून पाणी सोडून त्याचा वेग मोजला आणि १८५६ साली नियम छापला; वाहण्याचं गणित आजही तिथूनच सुरू होतं. हां, उन्हाळ्यात भेगाळलेल्या रानात पहिला वळीव घटाघटा जिरतो. पण माती फुगली, भेगा मिटल्या, की वाट बंद.

जाळीदार दगड म्हणजे आपला मांजऱ्या. ती भोकं लाव्हातल्या वायूच्या बुडबुड्यांची. बहुतेक सुटी सुटी, त्यातली कित्येक पांढऱ्या खनिजांनी बुजलेली. दगड झिजलेला किंवा फुटलेला असेल तरच तो पाणी देतो, आणि तेही भोकांपेक्षा भेगांतून.

खोलीचं म्हणाल, तर लाव्हाच्या दोन थरांच्या सांध्यात खोलवरही पाणी लागतं, नाही असं नाही. पण वरच्या वजनाने भेगा आवळत जातात आणि पावसाचं पाणी तिथवर पोचायला फार वेळ लागतो. मग पहिल्या वर्षी धो धो चाललेला बोअर दोन-तीन उन्हाळ्यांत गुळण्या टाकायला लागतो. राज्याच्या २००९ च्या भूजल कायद्याने ६० मीटरच्या, म्हणजे जवळपास २०० फुटांच्या पुढे ‘खोल विहीर’ धरली, ती उगाच नाही.

आमच्या शिवारात एकाने ७०० फूट मारला. शेवटपर्यंत करडी भुकटीच उडाली, शेजारच्या उसावर बसली. तिथून शंभर पावलांवर ४० फुटांची जुनी विहीर आहे. तिच्या मुरमातून पाझर चालू होता.