टाके पाच, आठवड्यात भात? नाही!

सध्या फिरणारा एक निरोप सांगतो: वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया दुर्बिणीतून होते, टाके चार-पाच. आठवडाभर पडून राहा, डाळीचं पाणी आणि फळांचा रस प्या, मग मऊ भात सुरू.

चार-पाच टाके पोटावरचे. आतलं काय? स्लीव्ह या प्रकारात जठराचा जवळपास तीन-चतुर्थांश भाग काढतात आणि उरलेल्या नळीची अख्खी कड स्टेपलरच्या पिनांनी शिवतात. ती आठवड्यात भरून येत नाही. म्हणून साधारण पहिले दोन आठवडे पातळ, पुढचे दोन मिक्सरमधून काढलेलं, मग मऊ. तुमच्या सर्जनचा तक्ता वेगळा असेल तर तोच पाळा. घाईनं खाल्लेला भात नळीत अडकतो, उलट्या होतात आणि ताण त्या ताज्या शिवणीवर येतो.

डाळीचं वरचं पाणी म्हणजे हळद-मीठ. डाळ भांड्याच्या तळाशीच! दिवसाला 60 ते 80 ग्रॅम प्रथिनं लागतात, ती पातळ ताकातूनही भागत नाहीत. दूध, प्रोटीन पावडर यांचा हिशेब ठेवा. रसात नुसती साखर. जठराचा बायपास (अन्न थेट पुढच्या आतड्यात वळवणारा दुसरा प्रकार) झालेल्याला त्यानं घाम, धडधड, जुलाब होऊ शकतात. पाणी 30 मिली, दर 15 मिनिटांनी, घोट घोट. 14 तासांत दीड लिटरच्या वर जातं. गटागटा पिऊ नका. लघवी गडद झाली तर पाणी कमी पडतंय.

‘पडून राहा’ हा सल्ला सर्वांत घातक. पायात गुठळी होऊन ती फुप्फुसात जाऊ शकते. बहुतेकांना त्याच दिवशी उठवून चालवतात. घरीही दर एक-दोन तासांनी फेरी मारा. एकाच पोटरीला सूज किंवा दुखणं आलं तर वाट न पाहता लगेच डॉक्टरांना दाखवा.

खांदा दुखतो तो बहुधा शस्त्रक्रियेवेळी पोटात भरलेल्या वायूमुळे, दोन-चार दिवसांत ओसरतो. पण नाडी 120 च्या वर टिकली, ताप, धाप किंवा वाढती पोटदुखी असली तर शिवण गळत असू शकते. गळती अनेकदा घरी आल्यावर कळते. अॅसिडिटीची गोळी घेऊन वाट पाहू नका, लगेच रुग्णालय गाठा.

औषधांबद्दल निरोपात चकार शब्द नाही. इन्सुलिनचा जुना डोस तसाच चालवला तर साखर धाडकन उतरते. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक या वेदनाशामक गोळ्या स्वतःहून घेऊ नका, आत व्रण होऊ शकतो. आणि उलट्या थांबतच नसतील तर जवळच्या दवाखान्यात ग्लुकोजची बाटली लावण्याआधी शस्त्रक्रिया झाल्याचं सांगा: थायमिन (जीवनसत्त्व बी-1) आधी, ग्लुकोज नंतर. क्रम चुकला तर मेंदूला इजा होऊ शकते.