तू डिझाइनवाली ना, मग हे तुझ्यासाठीच!

डिझाइनच्या कॉलेजात प्रवेश मिळाला की सगळ्या नातेवाइकांची एकाच दिवशी पक्की समजूत होते, की या मुलीला आता सरळसाध्या वस्तू सोसत नाहीत. मग वाढदिवस असो, निकाल असो, नाहीतर सहज येता येता घेतलेलं काही असो, माझ्या हातात पडणारी वस्तू कुठे ना कुठे वाकडी असतेच.

टेबलावरचं घड्याळ मामाने दिलंय. त्याचे बाराही आकडे तबकडीच्या तळाशी ढिगाने पडलेत आणि वर दोन काटे रिकाम्या जागेत निष्ठेने फिरत असतात. किती वाजले असं कुणी विचारलं की मी त्या घड्याळाकडे पाठ करून फोन बघते. पेन हाडाच्या आकाराचं आहे. ते धरून दोन ओळी लिहिल्या की माझ्या अंगठ्याचं हाड कुठे आहे ते नेमकं कळतं. आणि कपाच्या तळाशी चिनीमातीचा बेडूक बसलाय. पाहुण्यांना मी आधीच सावध करते, तरी कप निम्मा झाला की ते दोन डोळे वर येतात आणि माणूस दचकतोच. त्याचं एकदा भागतं. मला मात्र तो बेडूक धुवावा लागतो. त्याच्या पोटाखाली स्पंज जात नाही, बोट जात नाही. बाटली घासायच्या ब्रशाचा एक केस जातो, तोही परत येत नाही.

कळस म्हणजे आत्याने दिलेला सुऱ्यांचा स्टँड. लाल रंगाचा एक माणूस हात पसरून उभा आहे आणि त्याच्या डोक्यातून, छातीतून, पोटातून सुऱ्या आरपार. “तू डिझाइनवाली ना! बघितलं आणि म्हटलं, हे हिच्यासाठीच!” आत्या म्हणाली. मी तिच्या डोळ्यांत जरा निरखून पाहिलं. निव्वळ माया होती. तेव्हापासून कांदा चिरायचा म्हटलं की आधी एका माणसाच्या बरगडीतून सुरी उपसावी लागते, आणि चिरून झाल्यावर, धुऊन पुसून, परत खुपसावी लागते.

वस्तूंचं एक वेळ सोसता येतं, वस्तू देणाऱ्याचं नाही. तो समोर उभा असतो, हसू तयार ठेवून, आणि तज्ज्ञाचं मत मागतो. “कल्पक आहे ना?” कल्पक आहेच हो! पण कल्पना एकदा हसवून मोकळी होते आणि वस्तू तिथेच राहते. चांगला विनोद सांगणारा पाहुणा सगळ्यांना हवा असतो. तोच पाहुणा घरात मुक्कामाला राहून रोज सकाळी तोच विनोद सांगायला लागला, तर चौथ्या दिवशी आपण त्याच्या परतीच्या गाडीची चौकशी करतो. माझ्या खोलीत असे सात-आठ पाहुणे आहेत आणि एकाचीही गाडी नाही.

याचा अर्थ मला विचित्र वस्तू आवडत नाहीत असा कुणी काढू नये. निखळ वेडेपणा मला फार आवडतो. झाक कारेलमान नावाच्या फ्रेंच कलावंताने 1969 साली न सापडणाऱ्या वस्तूंचा एक अख्खा कॅटलॉग काढला. त्यातल्या कॉफीच्या किटलीची तोटी आणि कान एकाच बाजूला आहेत. ओतायला गेलं की कॉफी थेट आपल्याच हातावर. जपानच्या केन्जी कावाकामींनी तर या वेडाला ‘चिंदोगु’ असं नाव देऊन दहा नियम घालून दिले. डोळ्यांत थेंब टाकताना नेम चुकू नये म्हणून काचांच्या जागी नरसाळी लावलेला चष्मा, मांजराने चालता चालता फरशी पुसावी म्हणून तिच्या चारी पायांत झाडूचे बूट, असा एकूण मामला. पण नियम कडक. वस्तू नुसती कागदावर चालणार नाही, खरोखर बनवलेली हवी. ती विकायची नाही. तिचं पेटंट घ्यायचं नाही. या तीन नियमांतला सभ्यपणा बघा! वेडी वस्तू बनवा, हसा, पण ती कुणाच्या आत्याच्या हाती लागू देऊ नका. (कावाकामींनी 1990 च्या दशकात ‘धड निरुपयोगीही नाहीत’ म्हणून दाखवलेल्या वस्तूंत टोकाला कॅमेरा लावून स्वतःचाच फोटो काढायची एक काठी होती. पुढे तिचं काय झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय, बहुतेक वेळा आपल्या आणि देखाव्याच्या मधोमध.)

अथेन्सच्या कातेरिना काम्प्रानी या आर्किटेक्टने मुद्दाम त्रासदायक केलेल्या वस्तूंची मालिका आहे. पावसाळी बूट, पण बोटं उघडी. काटाचमचा, पण दांड्याच्या जागी साखळी. या वस्तू बघून मी खळखळून हसते, कारण त्या वापरण्याची सक्ती माझ्यावर नाही. शिवाय दांडा गेल्यावरच कळतं की साधा सरळ दांडा किती काम करत होता.

आमच्या वर्गात खरी फूट पाडली ती मात्र एका लिंबू पिळायच्या यंत्राने. फ्रेंच डिझायनर फिलिप स्टार्क यांनी 1990 साली अलेसी या इटालियन कंपनीसाठी केलेलं ‘ज्यूसी सॅलिफ’. तीन लांबसडक पायांवर उभं, सुमारे 29 सेंटिमीटर उंच, चकचकीत अॅल्युमिनियमचं, आणि डोकं लिंबाच्या फोडीएवढं. इटलीत सुट्टीवर असताना पुढ्यात स्क्विड आलं, त्यावर लिंबू पिळता पिळता ही कल्पना सुचली आणि हाताखालच्या कागदावरच स्टार्कनी रेखाटनं केली, असं सांगतात. वस्तू देखणी आहे, त्यात वादच नाही. आमच्या प्रयोगशाळेत एक आहे. एका प्रात्यक्षिकाला आमच्यातल्या एका पराक्रमी मुलाने तिच्यावर सरळ लिंबूच पिळलं. रसाने आधी फळाच्या अंगाने, मग त्याच्या मनगटावरून कोपरापर्यंत वाट काढली. उरलेला रस बियांसकट ग्लासात पडला, कारण बिया अडवायला तिथे काहीच नाही. वर्गात दोन तट पडले. एक गट म्हणाला, हे शिल्प आहे, लिंबू हे निमित्त. दुसरा गट बाही धूत होता.

लिंबू पिळण्यासाठी नव्हे, संभाषण सुरू करण्यासाठी ही वस्तू केली, असं स्टार्क म्हणाल्याचं सांगितलं जातं. संभाषण तर आमचं जोरदार झालं, दोन जण अजून एकमेकांशी बोलत नाहीत. 2000 साली तिची सोन्याचा मुलामा दिलेली आवृत्ती निघाली, आणि तिच्यावर लिंबू पिळू नका असं कंपनीनेच सांगितलं, कारण आम्लाने मुलामा खराब होतो. मला हा त्या वस्तूच्या चरित्रातला सगळ्यात प्रामाणिक क्षण वाटतो. मी अर्थातच बाही धुणाऱ्यांच्या गटात.

पण त्याच कंपनीची मायकल ग्रेव्हज यांची 1985 सालची किटली घ्या. तोटीवर एक छोटासा लाल पक्षी बसलाय. नुसता बसला असता तर माझ्या बेडकाच्या जातीत गेला असता. पण पाणी उकळलं की वाफेने तो शीळ घालतो! पक्ष्याने जेव्हा ओरडायला हवं तेव्हाच ओरडतो आणि एरवी गप्प असतो. हे तर आमच्या वर्गातही फारशा कुणाला जमत नाही. किंवा गौरी नंदा यांनी अमेरिकेतल्या एमआयटीत शिकत असताना केलेलं गजराचं घड्याळ. त्याला चाकं आहेत. वाजायला लागलं की टेबलावरून उडी मारतं आणि खोलीभर पळत सुटतं. बंद करायचं तर अंथरूण सोडून मागे धावायला लागतं. त्याला 2005 साली अर्थशास्त्राचं इग नोबेल मिळालं, म्हणजे हसवून मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला देतात ते. इथे विचित्रपणा काढून टाकला तर वस्तूच उरत नाही. माझ्या कपातला बेडूक काढून टाकला तर उत्तम कप उरेल.

हे सगळं मी इतक्या ठामपणे सांगू शकते, कारण अजून मी स्वतः काही केलेलं नाही. तिथे वेगळंच दुखणं आहे. त्याचं नाव प्रेरणा.

“आधी तुझी प्रेरणा दाखव,” मॅडम म्हणतात.

“मॅडम, अजून वस्तूच सुचली नाहीये.”

“म्हणूनच तर विचारतेय.”

मग आम्ही रात्र रात्र जागून प्रेरणा गोळा करतो. म्हणजे दुसऱ्यांच्या वस्तूंचे फोटो बघतो. चारशे फोटो बघितल्यावर असं लक्षात येतं की, जे जे आपल्याला सुचणार होतं ते ते कुणीतरी आधीच करून, पांढऱ्या पार्श्वभूमीवर ठेवून, सुंदर प्रकाशात टिपलेलंही आहे. शेवटी पहाटे जे जमेल ते करायचं आणि मग त्याला शोभेल अशी प्रेरणा मागाहून शोधून आणायची. शिंपला सगळ्यात सोयीचा. वाळवंटातल्या लाटाही चालतात. आमच्या वर्गातले निम्मे दिवे, सगळ्या खुर्च्या आणि एक कचऱ्याचा डबा शिंपल्यापासून स्फुरलेत. शिंपल्यातल्या जिवाला कळलं तर तो घर बदलेल.

एका हुशाराने तर पत्र्याचा नुसता चौकोनी खोका जमा केला आणि शेजारी हातोडा ठेवला. अर्धवट काम का आणलंस, असं विचारल्यावर त्याने शांतपणे मारिन व्हान डर पोल या डच डिझायनरचं नाव घेतलं. त्यांची 2000 सालची ‘डू हिट’ खुर्ची अशीच आहे; स्टीलचा एक खोका आणि हातोडा मिळतो, आपणच ठोकून ठोकून बसायची जागा करायची. मॅडमनी हातोडा उचलला, थोडा वेळ त्या मुलाकडे बघितलं आणि परत ठेवला. त्या क्षणी सगळ्या वर्गाला एकच प्रेरणा झाली होती.

थोरामोठ्यांच्या प्रेरणेच्या गोष्टी वाचल्या तर आणखीच निराशा येते, कारण त्यांना ती कुठेही गाठते. इटालियन डिझायनर गाएतानो पेशे शॉवरखाली उभे असताना त्यांच्या हातातला स्पंज दाबला की लहान आणि सोडला की मोठा होत होता; त्यावरून 1969 सालची फुगीर खुर्ची निघाली. हवा काढून चपटी केलेली यायची, वेष्टन उघडलं की आपोआप फुगून बसायची. मीही शॉवरखाली स्पंज हातात घेऊन बराच वेळ उभी राहिले आहे. मला फक्त दारावरच्या थापा सुचल्या, त्याही भावाच्या.

मग मला जपानी डिझायनर नाओतो फुकासावांची छत्री सापडली, आणि तिने मला पुरतं बिघडवलं. त्यांचं म्हणणं असं, की छत्री ठेवायला स्टँडच हवा असं नाही. भिंतीपासून थोडं अंतर सोडून फरशीत एक बारीकशी चर पाडा. ओली छत्री घेऊन आलेला माणूस टेकवायला जागा शोधतोच, आणि फरशांच्या सांध्यात नकळत टोक रुतवून छत्री उभी करतो. तो ते करणारच आहे, त्याला जरा मदत करा. इथे शिंपला नाही, वाळवंट नाही. माणसं काय करतात ते कुणीतरी बघत बसलं होतं, इतकंच.

तेव्हापासून मी माणसं बघते. यात अडचण एवढीच की माणसांना बघितलेलं आवडत नाही. बाबा चष्मा कुठे ठेवतात हे मी टिपून ठेवायला लागले, तर ते जाऊन दुसऱ्या खोलीत ठेवू लागले आणि मग त्यांनाच सापडेना. दारांचं तर विचारूच नका. ज्या दाराला ओढायची मूठ आहे पण जे ढकलायचं आहे, अशा दारांना डिझाइनचे अभ्यासक डॉन नॉर्मन यांच्यावरून ‘नॉर्मन दारं’ म्हणतात. दार कसं उघडायचं हे सांगायला पाटी लागत असेल तर चूक दाराची, अशी त्यांची शिकवण. ती ऐकून मला इतकं बरं वाटलं की मी एका दाराशी उभी राहून कोण कोण चुकतंय ते मोजू लागले. थोड्या वेळाने रखवालदार आले आणि म्हणाले, “ताई, कुणाची वाट बघताय?” मी म्हटलं, “दाराचा अभ्यास करतेय.” त्यांनी दार उघडून दाखवलं. बिनचूक, पहिल्याच झटक्यात, आणि मला बाहेरची वाट दाखवत.

या नादात माझा देव बदलला. आता त्या जागी इटालियन डिझायनर आकिले कास्तिल्योनी आहेत. ते आणि त्यांचे भाऊ पिएर जाकोमो यांनी 1957 साली फोनवर बोलताना टेकायचं एक स्टूल केलं. सायकलची सीट, खाली दांडा, आणि तळ गोल, म्हणजे डुलणारा. कारण फोनवर बोलताना माणसाला बसायचंही असतं आणि हलायचंही असतं. वस्तू बघायला खुळी, पण खुळेपणा आपल्याकडूनच उचललेला. आणि एवढी नावाजलेली कामं करूनही कास्तिल्योनींना अभिमान कशाचा होता, तर 1968 साली केलेल्या, दिव्याच्या वायरीवर मधेच असणाऱ्या एका बटणाचा. अंधारात चाचपडलं तरी सापडणारं, दाबलं की छान आवाज करणारं. ते कुणी केलंय हे ठाऊक नसताना लोक ते दाबत राहिले.

हे सगळं मी परवा मामेबहिणीला समजावून सांगत होते. माझ्या टेबललॅम्पच्या वायरीवर तसल्याच जातीचं एक बटण आहे, ते मी तिच्या हातात दिलं. तिने ते उलटसुलट करून पाहिलं.

“पण ताई, यात डिझाइन कुठाय?” टक्. दिवा लागला. “कपातला बेडूक तरी दिसतो.” टक्. “हे नुसतं बटण आहे.” टक्. “घड्याळाचे आकडे पडलेत, त्यातही काहीतरी आहे.” टक्. टक्. “यात काय आहे?” टक्.

“कोण खेळतंय गं त्या दिव्याशी?” आतून आईचा आवाज आला. “बल्ब जाईल!”

मामेबहिणीने बटण खाली ठेवलं, दाराकडे एकदा बघितलं आणि परत उचललं.