पाहुण्यांच्या व्याख्यानाने सभागृह भरते, मंडळ नव्हे

वक्तृत्व मंडळाची सदस्यसंख्या वाढवायची असेल तर दर महिन्याला नामवंत पाहुण्याचे व्याख्यान ठेवावे, अशी सूचना एका लेखात वाचली; ती मला पटली नाही. आमच्या फोंड्यातील मंडळाचा अनुभव असा, की अशा व्याख्यानाला सभागृह भरते आणि पुढच्या बैठकीला पुन्हा आम्ही नेहमीचेच उरतो. याउलट, पहिल्याच दिवशी ज्याला आयत्या वेळच्या विषयावर 1-2 मिनिटे बोलायला उभे केले जाते, तो घामाघूम होऊन खाली बसतो खरा, पण बहुधा पुन्हा येतो.

लेखात मूल्यमापनाचा साधा उल्लेखही नाही, याचे आश्चर्य वाटले. टोस्टमास्टर्स या वक्तृत्व मंडळांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या पद्धतीत 5 ते 7 मिनिटांच्या तयार भाषणानंतर दुसरा सदस्य 2-3 मिनिटांत त्याचे गुणदोष सांगतो, आणि बोलताना निघणारे ‘अं’, ‘म्हणजे’ मोजायला एक जण वेगळा नेमलेला असतो. आमच्याकडे हे काम एक निवृत्त शिक्षिका करतात; त्यांच्या वहीतील उभ्या रेघांचा धाक (माझ्यासकट) सर्वांना आहे. चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) सुमारास उपस्थिती रोडावते, त्यावर कुठल्याच उपक्रमाचा उपाय नाही. नवख्याला मात्र पहिल्या महिन्यातच भाषणाची तारीख आणि तयारीसाठी एक जुना सदस्य मिळायला हवा.