‘पुण्याची थेरपिस्ट’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. दोन ओळींत आटपणार नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

दिव्यांग मुलाचा वैयक्तिक शिक्षण आराखडा (त्याने काय काय शिकायचं, याची लेखी ध्येयं) पालकांना सोबत बसवून ठरवावा, नुसती शेवटच्या पानावर सही घेऊ नये, असं मी मागच्या लेखात म्हटलं होतं. त्यावर तुम्ही कायद्याची चूक दाखवलीत, थेरपिस्टवरचा बोजा सांगितलात आणि शेवटी लिहिलंत, "ताई, भावना बाजूला ठेवा. ध्येयं ठरवणं शिकलेल्या माणसांचं काम आहे."

चूक आधी मान्य करते. 18 वर्षांपर्यंत मोफत शिक्षण 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे, तेही 40 टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलांना. 2009 चा शिक्षण हक्क कायदा 6 ते 14 वयाचा. मी दोन्हींची खिचडी केली. दुरुस्त केलंय, आभार.

पण "भावना बाजूला ठेवा"? 11 वर्षं ऐकतेय हे. माझ्या लेकाला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूतल्या इजेमुळे हालचालींवर ताबा कमी. त्याच्या पहिल्या आराखड्यात ध्येय होतं: पाच मणी ओवणे. मी म्हटलं, मणी राहू देत, त्याला शू लागल्याचं सांगता येऊ दे. दिवसाआड शाळेतून फोन यायचा, कपडे बदलायला या. त्यापायी माझी नोकरी गेली. उत्तर मिळालं, "आधी फाइन मोटर (म्हणजे बोटांची बारीक कामं), मग ते." आणि वर, "आई जरा इमोशनल आहेत." माझ्यासमोर!

खूण सापडली ती माझ्या सासूबाईंना. सातवी शिकलेल्या. शू लागली की तो डावा हात ट्रेवर आपटतो, हे त्यांनी हेरलं. नोकरीला सहा महिनेही न झालेल्या एका थेरपिस्ट मुलीने ते हसण्यावारी न नेता डाव्या बाजूला चित्राचं कार्ड लावून दिलं. चार महिन्यांत फोन थांबले. आता सांगा, यात शिकलेलं कोण आणि भावनिक कोण? कार्ड आम्हाला सुचलं नसतं, हेही खरं. म्हणून तर ‘सोबत’ म्हटलं होतं. लेख पूर्ण वाचलात का?

तुम्ही आम्हाला आठवड्यातून दोनदा पाऊण तास भेटता, बाकी वेळ मूल आमच्याजवळ असतं. मिथू अलूर यांनी 1972 मध्ये मुंबईत अशा मुलांसाठी स्पास्टिक्स सोसायटी ही संस्था उभी केली, ती सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलीची आई म्हणून पोळल्यावरच. सरकारी शाळेच्या व्यवस्थापन समितीतसुद्धा कायद्याने किमान तीन-चतुर्थांश पालक लागतात. आमच्या आराखड्याच्या बैठकीत मात्र खुर्चीही दाराजवळची.

एका थेरपिस्टकडे तीस मुलं, घरी दिलेले व्यायाम पालक करून घेत नाहीत वगैरे... तो वेगळा विषय आहे, त्यात आत्ता पडत नाही. (पाहुणे आले की आमचेही बुडतात.)

आणि ते ‘ताई’ जरा जपून. आमच्या कोल्हापुरात ताई म्हटल्यावर पुढचं वाक्य असं नसतं.