टाको फ्राईज लिबलिबीत का होतात: एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार,

टाको लोडेड फ्राईजच्या, म्हणजे बटाट्याच्या फ्राईजवर मसालेदार खिमा, चीज आणि टोमॅटो रचून करायच्या पदार्थाच्या, माझ्या पाककृतीवर इतकं मोकळेपणाने लिहिलंत, त्याबद्दल मनापासून आभार. प्रतिक्रिया कडक आहे, पण पदार्थ करून बघून, कुठे काय झालं ते नीट सांगून लिहिलेली आहे. तिला दोन ओळींत उत्तर देऊन मोकळं होणं मला पटेना. बाकीच्या वाचकांसाठी तुमचे आक्षेप थोडक्यात असे: फ्राईज टेबलावर येईपर्यंत लिबलिबीत झाल्या, चीजचा सॉस कणीदार झाला, बटाट्याच्या पदार्थासाठी एवढा खटाटोप कशाला, आणि यात टाकोचं नक्की आहे तरी काय.

सगळ्यात आधी लिबलिबीतपणाबद्दल, कारण बाकी काहीही जमलं आणि हे फसलं तर पदार्थ फसला. तुम्ही लिहिलंय की खिमा कोरडा वाटला म्हणून त्यात दोन वाट्या पाणी वाढवलंत, टोमॅटो चिरून तसाच वर घातला आणि सगळं एकदम रचून ट्रे पंधरा मिनिटं ओव्हनमध्ये ठेवलात. या तिन्ही गोष्टींचा परिणाम एकच: पाणी. माझ्या कृतीतली जवळजवळ प्रत्येक पायरी पाणी फ्राईजपासून लांब ठेवण्यासाठी आहे, म्हणून ती वाचताना नको तितकी काटेकोर वाटते.

फ्राय बाहेरून कुरकुरीत लागते ती एका पातळ, वाळलेल्या थरामुळे. आत मात्र ओलावा भरपूर असतो, कारण मुळात बटाट्याच्या वजनाचा पाऊण हिस्सा, किंबहुना त्याहून थोडा जास्तच, पाणी असतं. तळून काढल्या क्षणापासून आतली वाफ बाहेर यायला लागते आणि तो थर मऊ करत जाते. नुसत्या फ्राईजसुद्धा ताटलीत पडून राहिल्या की दहा मिनिटांत ढिल्या होतात. त्यांच्यावर गरम, ओल्या खिम्याचं झाकण पडलं की आतली वाफ अडकते आणि वरून रस्साही झिरपतो. दोन्हीकडून मारा. लोडेड फ्राईजला म्हणूनच नेहमीपेक्षा जाड कवच लागतं, आणि ते एकदा तळून येत नाही.

घरी कापलेल्या बटाट्यांसाठी मी दोनदा तळायला सांगते ते याचसाठी. साधारण एक सेंटिमीटर जाडीचे तुकडे थंड पाण्यात धुऊन वरचा स्टार्च काढायचा, मग लिटरभर पाण्यात मोठा चमचाभर व्हिनेगर घालून ते अर्धवट उकडायचे. व्हिनेगर चवीसाठी नाही. आम्ल पाण्यात बटाट्यातलं पेक्टिन, म्हणजे त्याच्या पेशी एकत्र धरून ठेवणारा घटक, लवकर विरघळत नाही, त्यामुळे तुकडे शिजतात पण कडा ढासळत नाहीत. निथळून, कापडावर पसरून पूर्ण कोरडे झाले की पहिलं तळण मंद, दीडशे ते एकशे साठ अंशांवर. या टप्प्यावर फ्राईज फिकट, मलूल आणि जरा खरखरीत दिसतात. बघून हिरमोड होतो, पण त्या अशाच दिसायला हव्यात. पूर्ण गार झाल्यावर दुसरं तळण एकशे ऐंशी ते एकशे नव्वद अंशांवर, दोन-तीन मिनिटं. झाऱ्यावर उचलून हलवल्या की एकमेकींवर आपटून खडखड आवाज आला पाहिजे. रंगापेक्षा मी त्या आवाजावर जास्त भरवसा ठेवते.

बटाटा फ्रीजमध्ये ठेवलेला असेल तर तो या कामाला घेऊ नका. थंडीत त्यातल्या स्टार्चची साखर होते, मग फ्राय आतून शिजायच्या आधीच बाहेरून काळपट होते आणि किंचित कडवटही लागते.

तुम्ही फ्रोझन फ्राईज वापरल्यात. त्यात कमीपणा काही नाही. त्या कारखान्यातच उकडून एकदा तळलेल्या असतात, म्हणजे पहिलं तळण आयतं मिळतं. फक्त त्या वितळू द्यायच्या नाहीत, फ्रीझरमधून थेट दोनशे वीस अंशांच्या गरम ओव्हनमध्ये, आधीच तापवलेल्या ट्रेवर, एकाच थरात. ढीग केला की त्या भाजल्या न जाता वाफवल्या जातात. पाकिटावर लिहिलेल्या वेळेपेक्षा पाच मिनिटं जास्त ठेवा. नुसत्या खायच्या असत्या तर जरा जास्तच झाल्या असं वाटेल, इतक्या.

आता खिमा. कोरडा वाटला म्हणून पाणी घालावंसं वाटणं स्वाभाविक आहे, कारण खिमा रसरशीत असावा ही आपली अपेक्षा असते. पण इथे रसरशीतपणा चरबीतून यायला हवा, पाण्यातून नाही. अर्धा किलो खिमा मोठ्या, चांगल्या तापलेल्या पॅनमध्ये पसरायचा आणि चार-पाच मिनिटं त्याला हात लावायचा नाही. पॅनमध्ये पाणी आहे तोवर तापमान शंभर अंशांच्या फारसं वर जात नाही, आणि मांसाला तो तपकिरी रंग आणि खमंगपणा त्याच्या बऱ्याच वरच्या तापमानाला येतो. ढवळत राहिलात तर खिमा स्वतःच्याच पाण्यात उकडत बसतो. खालून चांगला रंग आला की मोडायचा, मग त्याच चरबीत मसाला अर्धा मिनिट परतायचा, मोठा चमचाभर टोमॅटो पेस्ट घालायची, आणि अर्धी वाटी पाण्यात छोटा चमचा कॉर्नफ्लोअर कालवून ते ओतायचं. झाला की नाही हे ओळखायची खूण: पॅनच्या तळावरून उलथणं ओढा. मागे पडलेली वाट तशीच कोरडी राहिली आणि कडेने लालसर तेल सुटलेलं दिसलं, तर खिमा तयार. वाट लगेच भरून आली, तर अजून आटवा. राजमा किंवा सोया घेणाऱ्यांसाठीही हीच खूण, फक्त तेल जरा जास्त लागतं आणि राजमा अर्धवट ठेचून घ्यावा लागतो.

मसाल्याबद्दल एक गोष्ट इथे सांगायलाच हवी, कारण बऱ्याच जणांचं यात नुकसान होतं. अमेरिकन पाककृतींमध्ये ‘चिली पावडर’ असं लिहिलेलं असतं ती निव्वळ मिरचीची पूड नसते. मिरची, जिरं, ओरेगॅनो आणि लसूण असं ते मिश्रण असतं. टेक्ससमध्ये १८९०च्या दशकात विल्यम गेबहार्ट यांनी ते विकायला आणलं. त्या पाककृतींत दोन मोठे चमचे लिहिलेले असतात म्हणून तेवढं लाल तिखट घातलं, तर कोणालाच खाववणार नाही. माझं प्रमाण असं: दोन छोटे चमचे जिरेपूड, दोन पाप्रिका, अर्धा ते एक तिखट, एक ओरेगॅनो, चार-पाच लसूण पाकळ्या आणि मीठ. जिरं हात आखडून घालू नका. ‘टाकोसारखं’ लागतं ते बहुतांशी जिऱ्यामुळे.

टोमॅटो, कांदा आणि कोथिंबिरीचं मिश्रण तुम्ही लगेच वर घातलंत. चिरलेल्या टोमॅटोला अर्धा छोटा चमचा मीठ लावून गाळणीत पंधरा-वीस मिनिटं ठेवून बघा, खाली किती पाणी जमतं ते. ते सगळं तुमच्या फ्राईजमध्ये गेलं होतं. मात्र ते फेकू नका. बियांभोवतीच्या त्या रसात चव खूप असते. खिमा शिजवताना अर्धी वाटी पाणी घालायचं असतं, तिथे हाच रस वापरा.

रचना करताना चीज खाली आणि खिमा वर, असं मी लिहिलं होतं. फोटोत चीज वर छान दिसतं हे तुमचं म्हणणं बरोबर आहे, तरीही मी क्रम बदलणार नाही. वितळलेलं चीज फ्राईजवर स्निग्ध थर धरतं आणि खिम्याचा ओलावा थोडा वेळ तरी अडवतो तो थरच. गरम फ्राईजवर किसलेलं चीज, दोन मिनिटं ग्रिलखाली, मग खिमा, आणि बाहेर काढल्यावर गार गोष्टी: लेट्यूस, निथळलेला टोमॅटो, हॅलापेन्यो मिरची, सावर क्रीम, वरून लिंबू. पंधरा मिनिटं पुन्हा ओव्हनमध्ये ठेवायचं कारणच उरत नाही, कारण सगळं आधीच शिजलेलं असतं. खाणारी माणसं आधी टेबलाशी बसवा आणि मग रचायला घ्या.

सॉस कणीदार होण्यामागे बहुधा विकतचं किसलेलं चीज आहे. त्याचे धागे एकमेकांना चिकटू नयेत म्हणून त्यावर स्टार्च किंवा सेल्युलोजची पूड भुरभुरवलेली असते, ती सॉसमध्ये जिभेला जाणवते. दुसरं कारण आच. चेडर जास्त तापलं की त्यातली प्रथिनं आवळून गोळा होतात आणि तूप वेगळं पडतं. एकदा तसं झालं की पूर्ववत होणं कठीण. तुकडा आणून घरी किसा, दोनशे ग्रॅमला मोठा चमचाभर कॉर्नफ्लोअर चोळा, आणि बिनसाखरेच्या आटवलेल्या दुधात मंद आचेवर थोडं थोडं घालत विरघळवा. किंवा सॉस करूच नका. वर सांगितल्याप्रमाणे नुसतं किसलेलं चीज पुरतं, आणि खरं सांगायचं तर मला तेच जास्त आवडतं.

खटाटोपाचं म्हणाल तर तो कमी करता येतो. फ्राईज फ्रोझन घ्या, सॉस वगळा, ग्वाकामोले (अव्होकाडोची चटणी) करण्याऐवजी पिकलेल्या अव्होकाडोच्या फोडी लिंबू-मीठ लावून घाला. खिम्याला रंग आणणं आणि टोमॅटो निथळणं, या दोन गोष्टी मात्र टाळू नका.

राहिला टाकोचा मुद्दा. हा मेक्सिकन पदार्थांचा अपमान आहे असं तुम्ही लिहिलंत, आणि ते मला मान्य नाही. मेक्सिकोत रस्त्यावर मिळणारा टाको म्हणजे मऊ मक्याची तोर्तिया (पातळ भाकरी), मांस, बारीक कांदा, कोथिंबीर, साल्सा आणि लिंबू. जिरं घातलेला खिमा, लेट्यूस आणि किसलेलं पिवळं चेडर ही मेक्सिकोच्या सीमेपलीकडची, अमेरिकेतली, टेक्स-मेक्स म्हणून ओळखली जाणारी पद्धत. माझ्या फ्राईज त्या दुसऱ्या घराण्यातल्या आहेत आणि मूळ लेखात मी तसंच लिहिलंय. हे घराणं उपरं नाही. सीमेवर दोन्हीकडे राहणाऱ्या मेक्सिकन वंशाच्या माणसांनीच त्यातलं पुष्कळ काही उभं केलं. नाचोज बघा: १९४०च्या दशकात, टेक्ससच्या सीमेला लागून असलेल्या मेक्सिकोतल्या पिएद्रास नेग्रास गावात इग्नासियो अनाया यांनी तळलेल्या तोर्तियाच्या तुकड्यांवर चीज आणि हॅलापेन्यो घालून पाहुण्यांपुढे ठेवले. फ्राईजवर भाजलेलं मांस, चीज आणि ग्वाकामोले घालणारे कार्ने असादा फ्राईज अमेरिकेतल्या सॅन डिएगोच्या मेक्सिकन टाको शॉप्समधूनच लोकप्रिय झाले. तेव्हा मेक्सिकन माणूस हे खाईल का, या तुमच्या प्रश्नाचं उत्तर मिळालंच असेल. टाकोच्या चवी बटाट्यावर घालायची कल्पना ज्यांची आहे, त्यांना मी अपमान करणारे म्हणणार नाही.

उरलेल्याचं काय करायचं, असं तुम्ही शेवटी विचारलं होतं. रचलेल्या फ्राईज उरल्या तर त्या पुन्हा कुरकुरीत होत नाहीत; गार टॉपिंग्ज बाजूला काढून बाकीच्यावर अंडी फोडून पॅनमध्ये झाकण ठेवून शिजवा, सकाळचं पोटभर खाणं होतं. न रचलेल्या उरल्या तर ओव्हनमध्ये किंवा एअर फ्रायरमध्ये गरम करा, मायक्रोवेव्हमध्ये नको. खिमा बंद डब्यात फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस चांगला राहतो.

पुन्हा केल्यात तर दोन गोष्टी जरूर कळवा: गाळणीखाली किती पाणी जमलं, आणि फ्रोझन फ्राईज सालासकट होत्या की सोललेल्या. सालासकट असतील तर वेळेत थोडा फरक करावा लागेल, तो मी तुम्हाला सांगेन.