बाल्टिक समुद्राचं पाणी अन् आपली वैनगंगा

बाटलीत पाणी भरून लॅबला पाठवलं की झालं काम, असं लय लोकांना वाटते. नाही ना बापा. तपासणीचा आकडा नदीच्या खालच्या गावाले कळत नसंल तं तपासणी कोणासाठी केली? युरोपातल्या बाल्टिक समुद्राबद्दल वाचत होतो, तवापासून हेच डोक्यात आहे.

१९७४ साल, शीतयुद्धाचा काळ. एकीकडं सोव्हिएत युनियन, पोलंड, पूर्व जर्मनी, दुसरीकडं पश्चिम जर्मनी अन् डेन्मार्क, मधात स्वीडन-फिनलंड. एकमेकांचं तोंड पाहाले तयार नसलेले हे सात देश हेलसिंकीत बसले अन् समुद्रासाठी करार करून उठले. त्यातून हेलकॉम नावाचं कमिशन उभं राहिलं. पाण्याचा नमुना कसा घ्यायचा, कसा तपासायचा, हे सगळ्यांनी मिळून ठरवलं, नाहीतर एक म्हणन माझ्याकडं साफ आहे, दुसरा म्हणन तुझी मशीनच खोटी, अन् भांडण तिथंच. यातलं एक माप तं इतकं साधं आहे, पांढरी तबकडी दोरीनं पाण्यात सोडायची, दिसेनाशी झाली की दोरी मोजायची. जितकी लवकर गायब तितकं पाणी गढूळ.

तिथला रोग आपल्या ओळखीचाच आहे. शेतातला नत्र-स्फुरद अन् शहराचं सांडपाणी वाहून येते, उन्हाळ्यात शेवाळ माजते, मरून तळाशी जाते, सडताना ऑक्सिजन खाते अन् खाली मासा जगत नाही. तोंड अरुंद असल्यानं त्या समुद्राचं पाणी बदलाले ३० वर्षांच्या आसपास लागतात. मोजून सगळं बरं झालं असंही नाही, शेवाळ अजून येतेच, अन् २०२२ ला युक्रेन युद्ध पेटल्यावर रशियासोबतच्या बैठका थांबल्या. पण बाकीच्यांनी मोजणं सोडलं नाही.

आता आपल्याकडं या. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानात, कन्हान वैनगंगेत, अन् ते सगळं गोसीखुर्दच्या धरणात. इथं तं दोन देश नाहीत गड्या, दोन जिल्हे आहेत, सरकारही एकच! तरी धरणात जाळं टाकणाऱ्या ढिवर भावाले विचारा, वरून काय आलं हे त्याले कोणी सांगते का? त्याले कळते जाळ्यात काय आलं त्यावरून.

जलजीवन मिशनमधून गावागावात पाच-पाच बायांना पाणी तपासायचं किट शिकवायचं ठरलं. आमच्या गावात वहिनी करतात ते काम, नळीत पाणी, त्यात थेंब, मग रंग पाहून कार्डाशी जुळवायचा, नायट्रेट लिटरमागं ४५ मिलिग्रॅमच्या वर गेलं की पिण्यालायक नाही. आकडा मोबाईलवरून पोर्टलवर जातो अन् ज्याच्या विहिरीचं पाणी त्यालेच माहीत नसते. हे काहून? ग्रामपंचायतीच्या फळ्यावर घरपट्टीच्या थकबाकीदारांची नावं बरोबर लागतात, तिथंच विहिरीचा आकडा लिहाले किती खडू लागते?

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेत हा विषय मी मांडणार आहे. अन् हो, नदीचाही आकडा मागणार, फक्त विहिरीचा नाही. सरपंच साहेबांले टॅग करत नाही, पण ते वाचतात हे मला माहीत आहे.