पडका वाडा चालता कसा करावा

गावचा वाडा पडायला आला असेल तर काळजी नको, पडलेला भाग फोटोत फार छान येतो. त्याला 'बुटीक हेरिटेज रिट्रीट' म्हणायचे आणि पाच खोल्यांचे भाडे पाच घरांएवढे लावायचे.

वाडा गावठाणात, म्हणजे सातबारा नाहीच. ग्रामपंचायतीच्या नमुना आठला, म्हणजे घरपट्टीच्या नोंदवहीत, अजून पणजोबांचे नाव. घरपट्टी भरायला आजवर एकही वारस फिरकला नव्हता. एका रात्रीचे भाडे तेवढे चुलतभावाच्या कानावर घाला, आठवड्यात तेवीस हजर होतील.

मग इतिहास. तो हवाच. पण छपरावरची मंगलोरी कौले आधी उलटून बघा. मंगळुरात बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनचा कौलांचा कारखाना सुरू झाला 1865 साली आणि पेशवाई बुडाली 1818 साली. एखाद्या चौकस पाहुण्याने कौलावरचा शिक्का वाचला, तर दिंडी दरवाज्यावरच्या 'येथे बाजीरावांचा मुक्काम पडला होता' या पाटीचे काय करणार? (कोणते बाजीराव हे मात्र लिहू नका. दोघेही उपयोगी पडतात.)

भिंती पांढऱ्या मातीच्या. जुने गवंडी चुना घाण्यात मळायचे, त्यात गूळ आणि बेलफळाचा गर घालायचे. एवढा वेळ कोणाला आहे? सरळ सिमेंटचा गिलावा मारा आणि वर मातकट रंग. आत ओल कोंडून तिसऱ्या पावसाळ्यात भिंत फुगेल, तिला 'मूळ पोत' म्हणता येते. धान्य साठवायच्या बळदात मसाज. गोठ्याला सर्वांत जास्त भाडे; वास गेला नाही तर तो मातीचा सुगंध.

गच्चीवरून दिसणारी शेते माहितीपत्रकात 'आमची शेती' म्हणून छापा. ती कूळ कायद्याने 1957 सालच्या कृषकदिनी कुळांच्या मालकीची झाली, हे शहरातल्या पाहुण्याला कोण सांगणार? वांगी त्याच कुळाच्या नातवाकडून घ्या. भावात घासाघीस करायला विसरू नका, परंपरा आहे.

राहिली परसातल्या खोलीतली काकू. चाळीस वर्षे देवघरात दिवा तीच लावते, म्हणून तिला काढता येत नाही. तिला कार्यक्रमात घ्या: सकाळी आठ वाजता जात्यावर दळण आणि ओवी. गाऊन बदलून नऊवारी नेसायला लावा. ती विचारील, "अरे, पीठ कालच गिरणीतनं आणलंय की, मग हे कशाला?"

तिला सांगा, काकू, जरा हळू दळा, फोटो हलतोय.